साठीनंतर हळद, ग्रीन टी, आवळ्याच्या कॅप्सूल सुरू करायच्या असतील तर

बाटली घरात बहुधा दोन वाटांनी येते. परदेशातला मुलगा येताना घेऊन येतो, नाहीतर सकाळी इंदूरच्या नेहरू पार्कात फिरायला येणारा मित्र नाव सांगतो आणि संध्याकाळपर्यंत ती दवा बाजारातून आलेली असते. वर कर्क्युमिन (हळदीतलं), रेसवेराट्रॉल (द्राक्षांतलं), क्वेर्सेटिन (कांद्यातलं), ग्रेप सीड असं एखादं नाव आणि खाली ‘निरोगी वार्धक्यासाठी’. ही सगळी वनस्पतींतली पॉलिफेनॉल, म्हणजे फळा-भाज्यांना रंग आणि तुरटपणा देणारी द्रव्यं. ती आपल्या खाण्यात पूर्वापार आहेत. प्रश्न आहे तो काढून, आटवून, कॅप्सूलमध्ये भरलेल्या मात्रेचा आणि त्या मात्रेची आधीच चालू असलेल्या पाच-सहा गोळ्यांशी गाठ पडण्याचा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी औषधांचा डबा, मग रक्ताच्या तपासण्या, मग ताट आणि सगळ्यात शेवटी बाटली. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. बाटली आधी उघडते आणि डॉक्टरांना दोन महिन्यांनी, काहीतरी बिघडल्यावर कळतं.

तुरट चवीमागचं काम

जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, ते टॅनिनचं काम. टॅनिन हा पॉलिफेनॉलचाच एक मोठा गट. तो लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो, तोंडातला ओशटपणा जातो आणि आपण त्याला ‘तुरट’ म्हणतो. हा चिकटण्याचा गुण लक्षात ठेवा, कारण हेच टॅनिन पोटात गेल्यावर लोहालाही चिकटतात आणि ते शोषू देत नाहीत. पण तुरट ते सगळं चांगलं, असा हिशेब करू नका. सुपारीही तुरटच आहे आणि ती कर्करोग घडवते हे पुरतं सिद्ध झालं आहे.

खाल्लेल्या पॉलिफेनॉलपैकी थोडीच लहान आतड्यातून रक्तात जातात. बाकीची मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्यांचे तुकडे करतात आणि हे तुकडे मग शरीरभर फिरतात. डाळिंबातल्या टॅनिनपासून तयार होणारं युरोलिथिन हे त्यातलं एक. ते तयार करणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात, त्यामुळे एकच कॅप्सूल शेजारच्या काकांना मानवते आणि आपल्या बाबांना तिचा काहीच उपयोग होत नाही, हे अगदी शक्य आहे. जीवाणूंना जगायला चोथा लागतो. तो फळात असतो, कॅप्सूलमध्ये नसतो.

‘अमुक इतके पट अँटिऑक्सिडंट’ ही जाहिरात मनावर घेऊ नका. परीक्षानळीत मोजलेल्या त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली तशी यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढूनच टाकली.

मग पुरावा कशाचा आहे? इटलीतल्या कियांती भागात ६५ च्या वरच्या माणसांचा बरीच वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांच्या लघवीत एकूण पॉलिफेनॉल जास्त सापडली, म्हणजे ज्यांच्या रोजच्या खाण्यात ती भरपूर होती, त्यांच्यात बारा वर्षांतले मृत्यू सुमारे ३० टक्के कमी दिसले. त्याच लोकांत नुसतं रेसवेराट्रॉल मोजलं, तर त्याचा ना आयुष्याशी संबंध लागला, ना हृदयरोगाशी, ना कर्करोगाशी. हे निष्कर्ष अनुक्रमे २०१३ आणि २०१४ मध्ये छापून आले. अमेरिकेतल्या कॉसमॉस या मोठ्या चाचणीत २१,४४२ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज कोकोतली ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल (पॉलिफेनॉलचाच एक गट) दिली गेली. २०२२ च्या निकालात हृदयविकाराच्या एकूण घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत. हृदयविकाराने झालेले मृत्यू मात्र २७ टक्के कमी होते, पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता. पुढच्या वर्षी त्यातल्याच एका गटाचा स्मरणशक्तीचा निकाल आला. फायदा दिसला तो ज्यांचं आधीचं खाणं निकृष्ट होतं किंवा त्यात फ्लॅव्हनॉल कमी होती त्यांना. ज्यांचं ताट आधीच भरलेलं होतं त्यांना कॅप्सूलने फारसं काही दिलं नाही. आमचा सगळा सल्ला या एका निकालाभोवती फिरतो.

आधी डबा रिकामा करा

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरा आणि औषधांचा डबा त्यावर पालथा करा. डॉक्टरांच्या गोळ्या, होमिओपॅथीच्या बाटल्या, आयुर्वेदिक चूर्णं, गुडघ्याचं तेल, कोणीतरी दिलेलं टॉनिक, सगळं. प्रत्येकाचं नाव, मात्रा आणि वेळ एका कागदावर लिहा. ब्रँडचं नाव पुरेसं नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असलेलं औषधाचं मूळ नाव उतरवा. मुदत संपलेलं बाजूला काढा. हा कागद पुढे डॉक्टरांनाही दाखवायचा आहे.

आता त्या कागदावर पुढची नावं शोधा.

रक्त पातळ करणारी औषधं असतील, म्हणजे असिनोकुमेरॉल, वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची अ‍ॅस्पिरिन, तर कर्क्युमिन, रेसवेराट्रॉल आणि ग्रीन टी अर्क यांच्या कॅप्सूल डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय नकोत. यांचाही रक्त गोठण्यावर थोडा परिणाम होतो आणि त्यांतली काही यकृतातल्या औषध मोडणाऱ्या यंत्रणेच्या आड येतात. दोन्ही मिळून हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर निळे डाग, काळी शौच असा परिणाम दिसू शकतो. स्वयंपाकातल्या हळदीला ही बंदी लागू नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कर्क्युमिन, जांभूळ बियांचं चूर्ण, दालचिनी यांनी साखर आणखी खाली जाऊ शकते. एकाच वेळी मेथी, कारलं, जांभूळ असं तिहेरी चूर्ण सुरू करणारे पुष्कळ आहेत. साखर उतरली की कोणामुळे उतरली हे मग कळत नाही.

थायरॉइडची गोळी असेल तर ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि चहा-कॉफी त्यानंतर निदान अर्ध्या-एक तासाने. सोयाबीन त्याच वेळी खाऊ नये, काही तासांचं अंतर ठेवावं.

कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्वास्टॅटिन असेल, किंवा रक्तदाबासाठी निफेडिपिन, तर ग्रेपफ्रूट आणि त्याचा भाऊ पपनस टाळा. आपल्याकडे ठेल्यावर त्याला चकोतरा म्हणतात. त्यातले घटक आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात आणि रक्तात औषध गरजेपेक्षा जास्त साचतं. मोसंबी आणि संत्र्याने असं होत नाही.

फिट्सची फेनिटॉइन किंवा रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल असेल तर ‘पिपरिनयुक्त’ लिहिलेली कोणतीही कॅप्सूल नको. काळ्या मिरीतलं पिपरिन या औषधांची रक्तातली पातळी वाढवतं.

यकृताचा जुना आजार, पित्ताशयात खडे, ऑक्झलेटचे मूतखडे यांपैकी काही असेल तर हळदीच्या कॅप्सूल नकोतच. हळदीत ऑक्झलेट बरंच असतं आणि ते लघवीत उतरतं. कर्करोगाचा उपचार चालू असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. बोर्टेझोमिब नावाच्या औषधाच्या कामात ग्रीन टीतलं ईजीसीजी हे मुख्य पॉलिफेनॉल अडथळा आणताना प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी दात काढायचा असला तरी, डॉक्टरांना कॅप्सूलबद्दल आधी सांगा. मोठ्या शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी त्या बंद करतात.

ही यादी बघून ‘मग राहिलं कोण?’ असं वाटेल. सत्तरीच्या घरात खरंच फार थोडे उरतात. म्हणूनच ताट महत्त्वाचं.

तपासण्या

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर. असिनोकुमेरॉल घेत असतील तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. गेल्या तीन महिन्यांतले अहवाल असतील तर पुन्हा करायची गरज नाही. शाकाहारी माणसाचं, त्यातही मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं, बी१२ याच वेळी बघून घ्या. थकवा आणि पायांतल्या मुंग्या कमी बी१२ मुळे असतील तर त्यावर आवळ्याची कॅप्सूल कितीही घेतली तरी उपयोग नाही. प्रथिनांचंही तेच. ज्येष्ठांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या आजींना ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. आपल्या घरांत आजींच्या ताटात बहुतेक वेळा याच्या जेमतेम अर्धंच पडतं.

ताट: काय फेकतो ते आधी बघा

पॉलिफेनॉल बहुतेक साल, कोंडा आणि बाहेरच्या थरांत असतात. आणि आपली स्वयंपाकाची नजाकत नेमकी तेच काढून टाकण्यात आहे.

दाण्याचं कूट घ्या. दाणे भाजतो, सुपात चोळतो, फुंकर मारून लाल साल उडवतो आणि पांढरंशुभ्र कूट करतो. त्या लाल सालातच दाण्यातली बहुतेक पॉलिफेनॉल असतात. पुढच्या वेळी साल अर्धी ठेवून कूट करून बघा. रंग किंचित तांबूस येतो, शेवटाला जिभेवर तुरटपणाची जरा चाहूल लागते, बाकी कोशिंबिरीत काही फरक पडत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत तर हे करावंच, कारण साबुदाण्यात स्टार्चखेरीज जवळजवळ काही नसतं. मात्र दाणे खवट किंवा बुरशी लागलेले असतील तर सगळेच टाका. त्या बुरशीचं विष यकृताला फार वाईट.

कांदा सोलताना वरच्या कोरड्या पापुद्र्याबरोबर आपण एक-दोन जाड थरही ओढून काढतो. क्वेर्सेटिन जास्त असतं ते त्या बाहेरच्याच थरांत. कोरडा पापुद्रा तेवढा काढा. लाल कांदा पांढऱ्यापेक्षा बरा. कणीक चाळू नका. गव्हाच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं, तेही याच कुळातलं. चणे सालासकट, मूग सालासकट. पालक किंवा शेंगा उकडून पाणी ओतून देत असाल तर ते पाणी वरणात घाला. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, ते त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लाचं ऑक्सिडेशन. फोडणी तडतडायला लागल्यावरच चिरा.

आता इंदूरच्या सकाळीकडे या. पोहे इथे रोजचेच. वर लिंबू, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर आणि जिरावण मसाला. पॉलिफेनॉलच्या दृष्टीने हा नाश्ता वाईट नाहीच. मूठभर डाळिंबाचे दाणे आणि सालासकट शेंगदाणे त्यात नीट बसतात. शेव कमी केली तर आणखी बरं. पण पोहे संपतात न संपतात तोच हातात कट चहा येतो, आणि घोटाळा तिथे होतो. पोह्यातलं लोह लिंबाच्या क जीवनसत्त्वामुळे शोषलं जात असतं, त्यावर चहाचं टॅनिन येऊन चिकटतं. जेवणाबरोबर घेतलेला चहा धान्य-भाज्यांतल्या लोहाचं शोषण अर्ध्याहून खाली आणू शकतो. फेरिटिन कमी असलेल्या आजींनी चहा नाश्त्याच्या आधी तरी घ्यावा, नाहीतर एक तासाने. लोहाची गोळी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तास चहा, कॉफी, ग्रीन टी नको. पोह्यांबरोबरच्या जिलेबीवर हळदीची कॅप्सूल हा काही उतारा नव्हे, हे जाता जाता.

हळद पाण्यात विरघळत नाही. वाटीभर कोमट पाण्यात पाव चमचा टाकून ठेवा, तासाभराने तळाशी गाळ दिसेल. तीच हळद कोमट तुपात टाकली की तूप लगेच सोनेरी होतं, कारण कर्क्युमिन स्निग्धात उतरतं. म्हणून फोडणीतली हळद, त्यात चिमूटभर मिरपूड, ही आपली जुनी रीत अगदी बरोबर आहे. फक्त तेल धुरावलेलं असेल तेव्हा हळद घालू नका. जिरं फुलल्यावर आच मंद करून घाला आणि लगेच भाजी परता. माणशी दिवसाला अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, पुरे. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, तेव्हा त्यातून सुमारे ४५ मिलिग्रॅम मिळतं.

हळद घेताना फार पिवळीधमक आणि चकाकणारी घेऊ नका, हळकुंडंसुद्धा. बांगलादेशातल्या हळदीवर २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की हळकुंडांना पॉलिश करतानाच लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, चोपडला जात होता. त्यामुळे ‘अख्खी घेऊन घरी दळली म्हणजे निर्धोक’ हे नेहमी खरं नाही. सियागंजच्या घाऊक बाजारातून वर्षाची हळद भरत असाल तर मातकट रंगाची, न चकाकणारी हळकुंडं मागा. पावडर असेल तर काचेच्या ग्लासातल्या पाण्यावर एक चमचा सोडा आणि ढवळू नका. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला आहे असं समजा. शिसं मात्र या चाचणीत कळत नाही.

जवस इथल्या दुकानात अलसी म्हणून मागा. अख्खी अलसी पोटातून तशीच बाहेर पडते. मंद भाजून दळायला हवी. दिवसाला एक मोठा चमचा, चटणीत किंवा ताकात, आणि वर भरपूर पाणी, नाहीतर बद्धकोष्ठ वाढतं. आठवड्यापुरतीच दळा. महिन्याची दळून ठेवली की खवट होते.

सोयाबीन हे तर माळव्याचं पीक. देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदूरलाच आहे. त्यातली आयसोफ्लॅव्होन (हीही पॉलिफेनॉलच) आणि प्रथिनं दोन्ही ज्येष्ठांना उपयोगी. पण कच्चं सोयाबीन गव्हात मिसळून थेट चक्कीवर नेण्याची चूक सर्रास होते. कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन रोधक प्रथिनं पचू देत नाही, मग पोट फुगतं आणि ‘सोया मानवत नाही’ असा शिक्का बसतो. दाणे उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटं शिजवा, पाणी ओता, सालं चोळून काढली तरी चालतील, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मग नऊ किलो गव्हाला एक किलो या हिशेबाने दळा. ओल राहिली तर पीठ आठ दिवसांत वास मारतं.

जांभळं जून-जुलैत तीन-चार आठवडेच मिळतात. दहा-बारा जांभळं मधुमेह्यांनाही चालतात. साठवायची असतील तर धुवा, कापडावर पूर्ण कोरडी करा, बी काढा, पसरट डब्यात एका थरात गोठवा आणि मग पिशव्यांत भरा. गर शिजवून सिरप करू नका. जांभळा रंग म्हणजेच अँथोसायनिन, ते उष्णतेने उडतं आणि वर साखर किलोभर पडते. हाच आक्षेप मोरावळ्यावर आणि च्यवनप्राशावर. रोज एक ताजा आवळा किसून मीठ लावून, किंवा हंगामात वाळवलेला आवळकाठीचा तुकडा, हे बरं.

कोको घेणार असाल तर वेष्टनावर घटक वाचा. फार काळीभोर, अजिबात कडवट न लागणारी पावडर क्षारप्रक्रिया केलेली असते आणि त्यात फ्लॅव्हनॉल फार थोडी उरतात. आणि रेसवेराट्रॉलसाठी लाल वाइन हा विचार सोडून द्या. लिटरभर वाइनमध्ये ते काही मिलिग्रॅमच असतं.

काढ्याबद्दल थोडं. २०२० पासून पुष्कळ घरांत रोजचा काढा सुरू झाला तो थांबलाच नाही. आपल्या बाजारातली जाड, कडक दालचिनी बहुतेक कॅशिया असते आणि तिच्यात यकृताला त्रास देणारं कूमरिन जास्त असतं. आठवड्यातून एक-दोनदा, इंचभर तुकडा चार जणांत, इतपत ठीक.

तरीही बाटली घ्यायचीच असेल तर

महिनाभर ताट बदलून झालं, डब्याच्या यादीत धोक्याचं नाव नाही, तपासण्या ठीक आहेत, डॉक्टर हो म्हणाले, आणि कारण नेमकं आहे. ‘तब्येतीला चांगलं’ हे कारण होत नाही. गुडघेदुखी हे कारण होऊ शकतं. कर्क्युमिनच्या लहान-लहान चाचण्यांत गुडघ्याच्या झिजेचं दुखणं काही आठवड्यांत थोडं उतरलेलं दिसलं आहे. स्मरणशक्ती, सुरकुत्या, ‘पेशींचं वय’ यांच्यासाठी कॅप्सूलवर पैसे घालावेत असा पुरावा आम्हाला दिसत नाही.

वेष्टन वाचताना पहिली फसगत आकड्यात होते. एका बाटलीवर ‘हळद ५०० मिलिग्रॅम’, दुसरीवर ‘हळद अर्क ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड’, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंडं. पहिलीत नुसती पावडर, म्हणजे १५ मिलिग्रॅम कर्क्युमिन. दुसरीत ४७५. रंग तोच, पोशाख तोच, फरक तीसपट. दुसरीतल्या एका कॅप्सूलइतकं कर्क्युमिन मिळवायला १६ ग्रॅम हळद खावी लागेल, म्हणजे पाच सपाट चमचे. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोज आयुष्यभर चालेल अशी मात्रा किलोमागे ३ मिलिग्रॅम धरली आहे, ६० किलोला १८०. म्हणजे ती एक कॅप्सूलच त्याच्या अडीचपट होते. काही आठवड्यांच्या चाचण्यांत याहून जास्त दिलं गेलं आहे हे खरं, पण ते वैद्यकीय देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीसाठी.

दुसरी फसगत ‘प्रति सर्व्हिंग’ची. सर्व्हिंग म्हणजे किती कॅप्सूल हे शेजारीच बारीक लिहिलेलं असतं; दोन किंवा तीनही असतात. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून दहा वनस्पतींची नावं आणि एकच एकत्रित वजन दिलं असेल तर ती बाटली परत ठेवा. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य असायला हवं. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव जुळतं का बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर आयुषचा उत्पादन परवाना असतो. जड धातूंचा तपासणी अहवाल मागितल्यावर देणारी कंपनी पसंत करा. बिल घ्या.

पिपरिन घातलेलं घ्यावं का? बंगळुरूतल्या १९९८ च्या प्रसिद्ध प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर रक्तात पोचलेलं कर्क्युमिन वीसपट झालं होतं. दुकानदार हे अभिमानाने सांगतात. पण जो दरवाजा कर्क्युमिनसाठी उघडतो तो इतर गोळ्यांसाठीही उघडतो, आणि यकृताला इजा झालेल्या रुग्णांत अशी ‘जास्त शोषली जाणारी’ उत्पादनं वारंवार सापडतात. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे कावीळ-हिपॅटायटिसचे रुग्ण एकामागोमाग नोंदले गेले. चार-पाच गोळ्या चालू असलेल्या ज्येष्ठाला साधं कर्क्युमिन, जेवणातल्या तुपाबरोबर, एवढंच ठीक.

ग्रीन टीचा अर्क आम्ही ज्येष्ठांना सुचवत नाही. एका कपात साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी असतं. कॅप्सूलमधून रोज ८०० किंवा त्याहून जास्त गेलं की यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. रिकाम्या पोटी तर ते आणखी जास्त शोषलं जातं, आणि वजन उतरवायला लोक ते नेमकं उपाशीपोटीच घेतात. चहा म्हणून दोन कप प्यावा.

सुरू कसं करायचं, कधी थांबवायचं

एका वेळी एकच. दोन नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या तर कशाने काय झालं ते सांगता येत नाही. पहिले दोन आठवडे सगळ्यात कमी मात्रेची कॅप्सूल दिवसाआड, दुपारच्या जेवणाच्या मध्यावर. मग रोज एक. इतर गोळ्यांपासून दोन तास दूर. सकाळच्या गोळ्यांच्या घोळक्यात ती टाकू नका.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहा: गुडघा किती दुखला, ० ते १०. सुरू करण्याच्या आधीचे सात दिवसही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? मधुमेह असेल तर पहिले तीन आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. असिनोकुमेरॉल चालू असताना डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर आठवड्याभरात आयएनआर.

एसजीपीटी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करा. हळदीने यकृताला होणारी इजा बहुधा पहिल्या एक ते चार महिन्यांत दिसते आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. अहवाल नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट गेला तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. त्याहून कमी वाढ असेल पण भूक गेली, अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तरी तेच. कर्क्युमिनने शौचाला पिवळसर रंग येतो त्याला घाबरू नका. काळी, डांबरासारखी शौच झाली तर मात्र रात्र असली तरी एम. वाय. हे सरकारी इस्पितळ किंवा जवळचं दुसरं गाठा. बाटली बरोबर न्या. नुसतं ‘हळदीची गोळी’ सांगून डॉक्टरांना त्यात पिपरिन होतं की नाही ते कळणार नाही.

बाटली ओट्याजवळ ठेवू नका. मे महिन्यात स्वयंपाकघर तापतं आणि जुलैत हवा दमट होते, कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. आतली सिलिकाची पुडी काढू नका. फ्रिजमधून आत-बाहेर केलं तर उलट पाणी सुटतं. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट उत्तम.

बारा आठवडे झाले की कॅलेंडर उतरवून घ्या. सुरू करण्याआधीच्या सात दिवसांची सरासरी काढा आणि शेवटच्या सात दिवसांची काढा. निदान दोन अंकांचा फरक पडलेला नसेल तर बंद करा, बाटलीत तीस कॅप्सूल उरल्या असतील तरी. फरक पडला असेल तर महिनाभर थांबवून बघा. दुखणं परत वाढलं नाही, तर ते चालण्याने, वजनाने किंवा ऋतू बदलल्याने उतरलं होतं. वाढलं, तर डॉक्टरांना विचारून पुढचे तीन महिने, आणि एसजीपीटी पुन्हा. उरलेल्या कॅप्सूल शेजारच्या काकांना देऊ नका. त्यांच्या डब्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही.